विमा-कार्ड, कुत्री आणि पुढारी

संपादकांचे पत्र आले ते आषाढातच. "यंदा काही तरी खुसखुशीत द्या. मागचा लेख जरा जड झाला होता." मागचा लेख महानुभावांच्या गद्यावर होता आणि तो जड झाला होता हे मलाही मान्य आहे. पण मराठीच्या प्राध्यापकाने खुसखुशीत लिहायचे म्हणजे तुपात सोडलेल्या अनारशासारखी गत. छान जाळी पडेल म्हणून वाट पाहावी आणि तो नेमका हसावा!

या खेपेस मात्र माझ्याजवळ एक विलायती गुन्ह्याची हकीगत आहे, आणि ती मुळातच इतकी विनोदी आहे की मी पदरचे काही घालायचे कारण नाही. खून व्हायचा होता एका माणसाचा, झाला एका कुत्रीचा. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो एका राष्ट्रीय पक्षाचा माजी नेता, आणि या साऱ्या प्रकाराच्या मुळाशी होते दोन पुरुषांचे बिनसलेले प्रेम व न मिळालेले एक विम्याचे कार्ड.

ही हकीगत मला भेटली ती दूरदर्शन-मालिकेच्या रूपाने. माझी भाची सुटीत आली होती. "मामा, तुम्ही सारखे दळवी-तेंडुलकरांतच असता, जरा हे बघा," म्हणून तिने ती लावून दिली. 'अ व्हेरी इंग्लिश स्कँडल' हे तिचे नाव. भाग अवघे तीन. २०१८ च्या मे-जूनमध्ये बी.बी.सी.ने ती दाखवली. जॉन प्रेस्टन यांच्या २०१६ सालच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून रसेल टी. डेव्हिस यांनी ती लिहिली आणि स्टीफन फ्रीअर्स यांनी दिग्दर्शित केली. पुढाऱ्याचे काम ह्यू ग्रँटचे आणि त्याच्या जुन्या सख्याचे बेन व्हिशॉचे. आम्ही तिघे, म्हणजे मी, सौ. आणि भाची, पहिला दीड भाग पोट धरधरून हसलो. मग मला मध्येच एक जुनी गोष्ट आठवली आणि माझे हसू जरा अडखळले. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी विलायतेस जाऊ.

जेरेमी थॉर्प हे नाव आपल्याकडे आज फारसे कुणाला आठवणार नाही. एके काळी ब्रिटनच्या राजकारणात ते फार मोठे होते. जन्म १९२९ चा. बाप आणि आजोबा दोघेही पार्लमेंटचे सभासद. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्ड. ऑक्सफर्डच्या वादसभेचे अध्यक्षपद, मग बॅरिस्टरी, आणि १९५९ साली उत्तर डेव्हन मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटात. अंगात वेस्टकोटासह तीन कपडी सूट, डोक्यावर तपकिरी बोलर हॅट, व्हायोलिन उत्तम वाजवीत, आणि नकला तर अशा करीत की ज्याची नकल व्हायची तोही हसायचा. १९६७ च्या जानेवारीत, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते पक्षाचे नेते झाले. १९७४ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला साठ लाखांवर मते पडली. जागा मिळाल्या चौदाच, पण त्या चौदांच्या जोरावर पंतप्रधान हीथ यांनी त्यांना संयुक्त सरकारसाठी बोलावणे धाडले. बोलणी फिसकटली हा भाग वेगळा, पण मंत्रिपद दाराशी येऊन गेले ते असे.

दुसरा गृहस्थ नॉर्मन जोसिफ. पुढे याने स्कॉट हे आडनाव घेतले. हा १९४० चा, म्हणजे थॉर्पपेक्षा अकरा वर्षांनी लहान. घराणे नाही, पैसा नाही, शिक्षण बेताचे. घोड्यांचे मात्र विलक्षण वेड, आणि दिसायला देखणा. ऑक्सफर्डशायरमध्ये एका तबेल्यात हा नोकरीला होता. तबेल्याच्या मालकाकडे थॉर्प पाहुणे म्हणून आले असता १९६०-६१ च्या सुमारास दोघांची ओळख झाली. "कधी अडचण आली तर पार्लमेंटात येऊन मला भेट," असे थॉर्प म्हणाले. पुढारी असे शेकडो लोकांना म्हणतात. त्यांतला एखादाच खरोखर येतो.

हा आला. ८ नोव्हेंबर १९६१ रोजी नॉर्मन जोसिफ बगलेत एक लहानशी कुत्री घेऊन पार्लमेंटच्या दारात हजर झाला. मधल्या काळात त्याचे मालकाशी भांडण झाले होते, मन बिघडून इस्पितळात राहणे झाले होते, आणि राष्ट्रीय विम्याचे कार्ड तबेल्यातच राहिले होते. थॉर्प त्याच रात्री त्याला आपल्या आईच्या घरी घेऊन गेले, आणि संबंधाला त्या रात्री सुरुवात झाली असे स्कॉट जन्मभर सांगत आला. थॉर्प यांनी ही गोष्ट मरेपर्यंत कबूल केली नाही. स्नेह होता, शारीरिक संबंध नव्हता, असे त्यांचे म्हणणे. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले हेही आताच सांगून टाकतो, म्हणजे 'स्कॉट म्हणतो', 'अमका सांगतो' असे मी ठायी ठायी का लिहितो ते वाचकांच्या ध्यानात राहील.

हे विमा-कार्ड काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्यायला हवे, कारण सारे रामायण त्याच्यावरून घडले. त्या काळच्या इंग्लंडात प्रत्येक नोकरदाराचे असे एक कार्ड असे. मालकाने दर आठवड्याला तिकिटे विकत घेऊन त्याच्यावर चिकटवायची. तिकिटे नीट लागलेली नसली की बेकारीचा भत्ता मिळायची पंचाईत, नवी नोकरी मिळायची पंचाईत. स्कॉटचे म्हणणे असे की थॉर्प यांनी नवे कार्ड करवून स्वतःजवळ ठेवले आणि मालक या नात्याने त्याच्यावर तिकिटे लावायचे कबूल केले, पण लावली नाहीत. थॉर्प म्हणत, मी कसला याचा मालक! या एका कार्डासाठी स्कॉटने पुढली पंधरा-सोळा वर्षे पत्रे लिहिली, माणसे गाठली, पोलीस गाठले, वर्तमानपत्रे गाठली. मालिकेत व्हिशॉ दर चार प्रसंगांनंतर "माझे कार्ड!" म्हणून काही अशा सुरात रडतो की आमच्या घरी चहाला उशीर झाला तरी भाची त्याच सुरात "माझा चहा!" म्हणू लागली.

हसू येते खरे. पण जरा विचार करा. नवरा-बायकोचे पटेनासे झाले तर सासरची माणसे असतात, माहेरची असतात, वकील असतात, पोटगी असते. भांडायलासुद्धा एक रीतसर जागा असते. या दोघांना ती नव्हती. इंग्लंडच्या कायद्याने १९६७ पर्यंत दोन पुरुषांमधला असा संबंध, चार भिंतींच्या आड आणि राजीखुशीने असला तरी, गुन्हाच होता. १८८५ सालच्या ज्या कलमाखाली ऑस्कर वाइल्डला सक्तमजुरी झाली ते कलम १९६१ सालीही जिवंत होते. स्कॉटला 'मला सोडून दिले' असे म्हणायची सोय नव्हती, म्हणून तो 'माझे कार्ड द्या' म्हणत राहिला. १९६२ च्या डिसेंबरात त्याने चेल्सीच्या पोलिसांना सारी हकीगत लिहून दिली, थॉर्प यांची पत्रेही दिली. म्हणजे फिर्याद देता देता त्याने स्वतःचाच गुन्हा कबूल केला! पोलिसांनी जबानी घेतली, कागद वर पाठवला, आणि तो वरच राहिला.

त्या पत्रांपैकी एक फार गाजले. थॉर्प यांनी ते १९६२ च्या फेब्रुवारीत लिहिले. त्यात त्यांनी स्कॉटला सशाची उपमा दिली आहे आणि ससे फ्रान्सला जाऊ शकतात व जातीलही असे आश्वासन दिले आहे. शेवटी, तुझी आठवण येते, अशी ओळ. चौदा वर्षांनी, १९७६ च्या मे महिन्यात, 'संडे टाइम्स'मध्ये हे पत्र छापून आले आणि दुसऱ्याच दिवशी थॉर्प यांनी पक्षाच्या नेतेपदाचा राजीनामा दिला. प्रेमपत्र लिहिताना माणसाने प्राण्यांच्या उपमा टाळाव्यात, असे मी अलंकार शिकवताना सांगत असतो, ते उगीच नव्हे.

पण मी पुढे गेलो. १९६५ च्या मार्चमध्ये स्कॉटने थॉर्प यांच्या मातोश्रींना सतरा पानी पत्र लिहिले. लेकराचे गुण आईच्या कानांवर! थॉर्प घाबरले आणि त्यांनी पीटर बेसेल या आपल्या सहकाऱ्याला मधे घातले. हा बेसेल एक वल्लीच. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनचा लिबरल खासदार, फावल्या वेळात धार्मिक प्रवचने करणारा आणि उरलेल्या वेळात बुडीत धंदे. त्याने स्कॉटला डब्लिनला जाऊन गाठले, समजूत घातली, आणि पुढे आठवड्याला पाचेक पौंड पाठवायला सुरुवात केली. विम्याची तिकिटे चिकटवली असती तर याहून कितीतरी स्वस्तात काम झाले असते.

मध्ये १९६७ साल आले. जुलैत पार्लमेंटाने कायदा बदलला. एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांचा खाजगीतला संबंध इंग्लंड-वेल्सपुरता गुन्हा राहिला नाही. लॉर्डांच्या सभागृहात या विधेयकासाठी झटले ते लॉर्ड अॅरन. या गृहस्थांना बॅजर नावाच्या पट्टेरी तोंडाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याचा मोठा कळवळा होता. बॅजरांच्या रक्षणासाठीही त्यांनी एक विधेयक आणले, ते मात्र पडले. एक पास झाले आणि दुसरे का नाही, असे कुणी विचारले तेव्हा ते म्हणाले म्हणतात, की लॉर्डांच्या सभागृहात बॅजर फारसे नाहीत! मालिकेतला हा प्रसंग मोठा बहारीचा आहे.

कायदा बदलला, पण मतदार बदलले नव्हते. थॉर्प आता पक्षाचे नेते होते, १९६८ साली त्यांचे लग्न झाले, मुलगा झाला. १९७० मध्ये मोटार-अपघातात पत्नी गेली. १९७३ मध्ये त्यांनी पियानोवादक मॅरियन स्टाइन यांच्याशी पुन्हा लग्न केले. इकडे स्कॉटचेही लग्न झाले आणि मोडले. गाव बदलले, कामे बदलली, कार्डाचा हट्ट तेवढा तोच.

आता कटाचा भाग. बेसेलने पुढे न्यायालयात सांगितले ते असे. १९६८ च्या अखेरीस थॉर्प यांनी आपल्या कचेरीत, स्कॉटचा कायमचा बंदोबस्त केला पाहिजे असा विषय काढला. बेसेल दचकला तेव्हा ते म्हणाले की आजारी कुत्र्याला गोळी घालण्यापेक्षा हे काही वाईट नाही. पक्षाचे खजिनदारीचे काम पाहिलेले डेव्हिड होम्स या मसलतीत पुढे सामील झाले. प्रेत कॉर्नवॉलमधल्या कथलाच्या जुन्या खाणीत टाकावे काय? दारूत विष घालावे काय? पण मग माणूस गुत्त्यातल्या उंच स्टुलावरून कोसळणार आणि गुत्तेवाल्याची माफी मागावी लागणार! की अमेरिकेत नेऊन फ्लॉरिडातल्या मगरींच्या हवाली करावे? बेसेलच्या म्हणण्याप्रमाणे तो आणि होम्स हे असले बेत थॉर्प यांच्या डोक्यातले खूळ निघावे म्हणून मुद्दाम हास्यास्पद करीत राहिले. खरे-खोटे तो जाणे. एवढे खरे की त्याच्या साक्षीतला हा भाग कोर्टात ऐकताना खटला खुनाच्या कटाचा आहे याचा विसर पडावा.

अखेर मारेकरी ठरला. तो कसा ठरला पाहा. होम्सच्या ओळखीचा एक गालिच्यांचा व्यापारी, त्याच्या ओळखीचा वेल्समधला जुगारी यंत्रांचा धंदेवाला, आणि त्याच्या ओळखीचा अँड्र्यू न्यूटन नावाचा एक विमान-चालक. बोली दहा हजार पौंडांची, असे न्यूटनने पुढे सांगितले. आपल्याकडे मुलीला स्थळ शोधताना जशी ओळखीतून ओळख निघते तसाच हा प्रकार. न्यूटनची हुशारी अशी की स्कॉट डेव्हन परगण्यातल्या बार्नस्टेपलजवळ राहतो असे सांगितलेले असताना हा पठ्ठ्या त्याला शोधायला भलतीकडेच, डन्स्टेबल या गावी गेला. गंगाखेडला जायचे म्हणून निघालेला माणूस गंगापूरला उतरावा, तसे.

२४ ऑक्टोबर १९७५. न्यूटनने स्कॉटला अशी थाप मारली होती की तुझ्या जिवावर कुणी तरी उठले आहे आणि मी तुझे रक्षण करायला आलो आहे. स्कॉट मोटारीत बसला, पण एकटा नाही. बरोबर रिंका. ही ग्रेट डेन जातीची कुत्री, म्हणजे वासराएवढी. न्यूटनला कुत्र्यांची भयंकर भीती. रात्री पाऊस, डोंगरातला निर्जन रस्ता. झोप आल्याचे सोंग करून न्यूटनने गाडी थांबवली. मी चालवतो म्हणून स्कॉट उतरला. रिंकाही खेळायला मिळणार म्हणून उडी मारून उतरली. न्यूटनने पिस्तूल काढले आणि पहिली गोळी रिंकाच्या डोक्यात घातली. मग, आता तुझी पाळी, म्हणत पिस्तूल स्कॉटवर रोखले. चाप ओढला. पिस्तूल अडकले. पुन्हा ओढला. पुन्हा अडकले. शिव्या देत तो मोटारीत बसला आणि निघून गेला. भर पावसात, मेलेल्या कुत्रीला कवटाळून रस्त्याकडेला बसलेला स्कॉट थोड्या वेळाने येणाऱ्या-जाणाऱ्यांना सापडला.

या ठिकाणी आमच्या घरातले हसणे थांबले. सौ.नी तर तोंड फिरवले. तोवर जो माणूस रडका, कटकट्या, गमतीदार वाटत होता, त्याच्या 'मला हे लोक मारणार आहेत' या ओरडण्यात तथ्य होते हे एकदम डोळ्यांसमोर आले. चेष्टेची गोष्ट रंगात आणून ती ऐन रंगात असताना तोडायची, ही करामत त्या मंडळींनी बरोबर साधली आहे.

पुढचे थोडक्यात. १९७६ च्या जानेवारीत बार्नस्टेपलच्या कोर्टात स्कॉटवर सरकारी मदतीचे पैसे चुकीने घेतल्याचा किरकोळ खटला उभा राहिला. तेथे भर कोर्टात तो ओरडला, की जेरेमी थॉर्प यांच्याशी माझा संबंध होता म्हणून माझ्यामागे हा ससेमिरा आहे! कोर्टात उच्चारलेले शब्द छापायला वर्तमानपत्रांना आडकाठी नसते. दुसऱ्या दिवशी साऱ्या देशाने ते वाचले. न्यूटनला दोन वर्षांची शिक्षा झाली. तो सुटून आला आणि १९७७ च्या ऑक्टोबरात त्याने, मला पैसे देऊन पाठवले होते, अशी कबुली वर्तमानपत्राला विकली. १९७८ च्या ऑगस्टमध्ये थॉर्प, होम्स, गालिचेवाला आणि यंत्रवाला अशा चौघांवर खुनाच्या कटाचा आरोप ठेवला गेला. खटला उभा राहण्याच्या पाच दिवस आधी सार्वत्रिक निवडणूक होती आणि थॉर्प तरीही उभे राहिले! त्यांच्याविरुद्ध ऑबेरन वॉ या लेखकाने श्वानप्रेमी पक्ष काढून रिंकाच्या नावाने उमेदवारी केली. त्याला ७९ मते पडली. थॉर्प हरले, ते वॉमुळे नव्हे.

८ मे १९७९ रोजी ओल्ड बेलीत खटला सुरू झाला. थॉर्प यांचे वकील जॉर्ज कार्मन. त्यांनी दोन गोष्टी केल्या. आपल्या अशिलाला साक्षीच्या पिंजऱ्यात येऊच दिले नाही, आणि सरकारी साक्षीदारांची चामडी सोलली. बेसेलने एका वर्तमानपत्राशी करार केला होता. हकीगतीचे पंचवीस हजार पौंड, आणि थॉर्प दोषी ठरले तर पन्नास हजार! असल्या साक्षीदाराच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? पण खरी कमाल केली ती न्यायमूर्ती कँटली यांनी. ज्यूरीला समारोप सांगताना त्यांनी स्कॉटला लबाड म्हटले, ऐतखाऊ म्हटले, रडतोंड्या म्हटले, बांडगूळ म्हटले. वर, अर्थात तो खरे बोलत असणेही शक्य आहे, अशी पुस्ती जोडली. ज्यूरीने तिसऱ्या दिवशी, २२ जून रोजी, चौघांनाही निर्दोष ठरवले. त्यानंतर उत्तर डेव्हनमधल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये थॉर्प यांच्यासाठी देवाचे आभार मानण्याचा सोहळाही झाला. निकालानंतर अवघ्या काही दिवसांत पीटर कुक या विनोदी नटाने लंडनच्या रंगभूमीवर न्यायमूर्तींच्या त्या भाषणाचे विडंबन केले. ते इतके गाजले की मूळ भाषण कोणते आणि विडंबन कोणते, यात पुष्कळांचा आजही घोटाळा होतो.

थॉर्प पुन्हा कधी पार्लमेंटात आले नाहीत. कंपवाताने त्यांचे शरीर हळूहळू निकामी केले आणि २०१४ च्या डिसेंबरात ते गेले. पंचेचाळीस वर्षांचे राजकारण करू शकला असता असा माणूस, पन्नाशीत संपला. मला त्यांच्याविषयीही वाईट वाटते. ह्यू ग्रँटने शेवटच्या भागात त्यांच्या डोळ्यांत जे एकटेपण दाखवले आहे, ते पाहून कुणालाही वाटेल.

पण १९७९ सालचा प्रेक्षक हसला तो कुणाला? थॉर्प यांना थोडे, न्यूटनला थोडे, आणि सर्वांत अधिक स्कॉटला. मालिकेने त्याच घटना घेतल्या, तेच विनोद घेतले, आणि हसण्याचे तोंड दुसरीकडे वळवले. आता हसू येते ते ईटन-ऑक्सफर्डच्या आत्मविश्वासाला, गालिचेवाल्याला आणि न्यायमूर्तींच्या विगाला. कोर्टात स्कॉट उभा राहून, ज्याने त्याने लपवायचे ठरवलेल्या गोष्टी मोकळ्या आवाजात बोलतो, तेव्हा तोच एकटा त्या दालनात ताठ उभा आहे असे वाटते. व्हिशॉला २०१९ साली या कामाबद्दल गोल्डन ग्लोब मिळाला तेव्हा तो त्याने भर सभेत नॉर्मन स्कॉटला अर्पण केला. मात्र खुद्द स्कॉट या मालिकेवर खूश नव्हता! आपल्याला फारच दुबळा, बिचारा दाखवला आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे २०२२ मध्ये त्याने स्वतःचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मला त्याची ही तक्रार पटते. माणसाला हसणे सोपे, त्याची कीव करणे त्याहून सोपे.

आता ती जुनी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आमच्याबरोबर एक सर होते, विषय सांगत नाही. लग्न केलेले नव्हते. त्यांच्याबरोबर एक मित्र राहत असे, कुठल्याशा दुकानात हिशेब लिहिणारा. आठ-नऊ वर्षे ते एकत्र राहिले. मग काही तरी बिनसले आणि सरांनी जागा बदलली. एके दिवशी तो मित्र कॉलेजात आला. स्टाफ-रूमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सरांना सांगा, माझं गॅसचं पुस्तक द्या." गॅसची जोडणी त्याच्या नावावर होती आणि पुस्तक सरांच्या सामानात गेले होते. सर वर्गावर होते. तो पुन्हा आला, आठवड्याने पुन्हा. दर वेळी तेच वाक्य, आवाज मात्र दर वेळी थोडा अधिक चढलेला. तिसऱ्या वेळी तर डोळ्यांतून पाणी.

तेव्हा आपल्याकडे ३७७ कलम होते. १८६० साली इंग्रजांनीच घालून दिलेले. इंग्रजांनी आपल्या घरचा कायदा १९६७ मध्ये सैल केला. आपले सर्वोच्च न्यायालय त्या वाटेला लागले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे ही मालिका तिकडे दाखवून झाल्यावर तीन महिन्यांनी. तेव्हा तो मित्र कोणाकडे जाणार होता? पोलिसांत जाऊन काय सांगणार होता? आणि सर तरी आम्हांला काय सांगणार होते?

आम्ही काय केले? हसलो. 'गॅसचं पुस्तक' हा शब्द महिनाभर स्टाफ-रूममध्ये चालला. कुणाचा पेन हरवला तरी "माझं गॅसचं पुस्तक द्या". त्या सुरात, त्या मानेच्या झटक्यासकट. नकल सर्वांत हुबेहूब करीत असे तो मी. स्नेहसंमेलनाच्या तालमीत मी ती मुलांसमोरही केली. सर दारात उभे होते ते मला मागाहून कळले. वर्षअखेरीस त्यांनी दुसऱ्या गावी नोकरी धरली. निरोप-समारंभाला त्यांनी नकार दिला, आणि त्याचेही आम्हांला नवल वाटले.

मालिका संपल्यावर भाचीला मी हे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "मामा, मग त्याला ते पुस्तक मिळालं का?"

मला ठाऊक नव्हते. त्या वेळी आमच्यापैकी एकानेही ते विचारले नव्हते.